फक्कीच्या रेघा

लेखमाला : शाळेचं मैदान (भाग ५)

मंडल पातळीवरच्या शालेय स्पर्धा जवळ आल्या की आदल्या संध्याकाळी आदिलाबाद जिल्ह्यातल्या इचोड्याच्या शाळेच्या मैदानावर एक चक्कर मारावी. एक माणूस दोर ताणून धरून गोल फिरताना दिसेल. मध्ये ठोकलेली खुंटी, खुंटीला बांधलेला दोर, दोराच्या टोकाला कमरेत वाकलेले पीईटी सार आणि त्यांच्या मागोमाग घमेल्यातून मूठ मूठ फक्की सोडत येणारी आठवी-नववीची दोन पोरं. जमीन काळी, कपाशीची. पाऊस ओसरला असला तरी चिखल चपलेला धरतो. रात्री एखादी सर येऊन गेली की सकाळी रेघ विरलेली असते, आणि सार पुन्हा खुंटी ठोकायला घेतात.

शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाला आपल्याकडे मराठी घरातही पीईटी सारच म्हणतात. ‘सर’चा ‘सार’ तेलुगूनं केला आणि आपण तो घेतला. या लेखात मीही तेच म्हणणार आहे.

तर सार त्या दोरानं काय करत असतात? मैदानावर २०० मीटरचा ट्रॅक बसवत असतात. नियमातला ट्रॅक ४०० मीटरचा. त्याची सरळ बाजू ८४.३९ मीटर आणि वळणाची त्रिज्या ३६.५० मीटर. आठ लेनचा असा ट्रॅक बसवायचा तर पावणेदोनशे मीटर लांब आणि नव्वदाहून जास्त मीटर रुंद जागा लागते, म्हणजे चार एकर. एवढी सपाट, मोकळी जागा आपल्या किती शाळांपाशी आहे? म्हणून ट्रॅक निम्मा करायचा. सरळ बाजू ४० मीटर धरली तर वळणाची त्रिज्या १९ मीटरच्या थोडी वर येते. दोर तेवढा मोजून घ्यायचा, आणि दोर ओला झाला की ताणतो हेही ध्यानात ठेवायचं. वीतभर चूक झाली तरी एका फेरीत मीटरहून जास्त फरक पडतो, कारण त्रिज्येतली चूक फेरीत सहापटीनं वाढते.

निम्म्या ट्रॅकवर ४०० मीटर धावणाऱ्या मुलीला दोनाऐवजी चार वळणं घ्यावी लागतात, तीही घट्ट. वळणावर वेग मोडतो. त्यामुळे आपल्या मैदानावर मुलगी जेवढा वेळ घेते, त्याहून कमी वेळात ती मोठ्या ट्रॅकवर तेच अंतर कापू शकते. हे लक्षात असू द्या. पुढे याचीच गरज पडणार आहे.

गेल्या दोन भागांत आपण अमेरिकेतल्या टेक्सस राज्यात होतो. तिथं शाळांच्या स्पर्धा एकाच संस्थेच्या छत्राखाली होतात. ऑस्टिनच्या विद्यापीठाशी जोडलेली ही संस्था १९१० च्या सुमारास उभी राहिली. तिथलं फुटबॉल म्हणजे हातात चेंडू धरून धडका देत पुढे सरकण्याचा खेळ. शुक्रवारी रात्री शाळेच्या सामन्याला अख्खं गाव लोटतं. ॲलन नावाच्या गावात एका शाळेसाठी २०१२ साली १८,००० आसनांचं स्टेडियम बांधलं गेलं. त्याला सुमारे ६ कोटी डॉलर खर्च आला, आणि काँक्रीटला तडे गेल्यानं दोन वर्षांत ते काही काळ बंदही ठेवावं लागलं. हे वाचून आपल्या मैदानाकडं पाहिलं की मन खट्टू होतं. पण टेक्ससकडून घ्यायची गोष्ट स्टेडियम नाही. घ्यायच्या गोष्टी तीन आहेत आणि त्यातल्या दोनांना पैसा जवळजवळ लागत नाही.

पहिली गोष्ट, शाळेच्या आकाराची. टेक्ससमध्ये शाळांचे पटसंख्येनुसार सहा वर्ग केलेले आहेत. दोन हजारांहून जास्त मुलांच्या शाळा एका वर्गात, शंभराच्या आसपास मुलांच्या शाळा दुसऱ्या टोकाला. पट बदलतो म्हणून ही विभागणी दर दोन वर्षांनी नव्यानं होते. लहान शाळा लहान शाळेशीच खेळते आणि राज्याचं विजेतेपद प्रत्येक वर्गात वेगळं असतं. अगदी लहान शाळांना अकरा खेळाडूंचा संघच उभा करता येत नाही, तर त्यांच्यासाठी सहा जणांचं फुटबॉल आहे. स्टीफन एप्लर नावाच्या शिक्षकानं १९३४ साली, मंदीच्या दिवसांत, नेब्रास्का राज्यात हा खेळ बसवला. मैदान लहान केलं, ८० यार्ड बाय ४० यार्ड. गुणांचा फरक ४५ वर गेला की उत्तरार्धात सामना तिथंच थांबवायचा, म्हणजे हरणाऱ्या पोरांची उगाच फरफट नाही. गावं ओस पडत होती, शाळांचा पट घटत होता. एप्लरनं शाळा बंद करा म्हटलं नाही, खेळ शाळेच्या मापाचा केला.

आपल्याकडे पाहा. मंडल स्पर्धेला सातशे-आठशे मुलांची गुरुकुल शाळा आणि साठ मुलांची तांड्यावरची शाळा एकाच मैदानावर, एकाच गटात उतरतात. साठ मुलांतून चौदा वर्षांखालचे सात मुलगे निवडायचे म्हणजे जे आहेत ते सगळेच न्यायचे. तरीही आपल्या भागातल्या लहान शाळा कबड्डीत टिकून आहेत, याचं कारण सातच्या आकड्यात आहे. सात मुलं कुठंही जमतात. खो-खोला मैदानात नऊ लागतात, तिथंच लहान शाळेचा श्वास कोंडतो. फुटबॉलला अकरा हवेत, त्यामुळं तो आपल्या खेड्यांत रुजलाच नाही.

कबड्डी इथं मुळापासून आहे. आपण हुतूतू म्हणत होतो, तेलुगू घरांत चेडुगुडु म्हणत होते. दोन्ही नावं एका दमात म्हणायच्या शब्दांवरून पडली. इचोड्याच्या मैदानावर दोन्ही दम एकत्र ऐकू येतात, आणि गोंड, लंबाडी मुलं त्यात आपापल्या बोलीत ओरडत असतात. कबड्डी जगाला दाखवायचं काम पैनगंगेपलीकडच्या आपल्याच लोकांनी केलं. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. त्या मंडळाच्या पथकानं १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिकं करून दाखवली होती. त्याच १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यानं खो-खोचे नियम बांधले.

पण आता वरच्या स्पर्धांत कबड्डी मॅटवर होते. मातीत वाढलेल्या पोराचा पाय मातीत रुततो आणि तो अंगठ्याच्या जोरावर वळतो. मॅटवर बूट लागतो, आणि बुटात तो अंगठा कामाचा राहत नाही. मातीत उत्तम चढाई करणारा मुलगा राज्य पातळीवर पहिल्याच चढाईत घसरून पडताना मी पाहिला आहे. ताकद त्याची तीच होती, बूट मात्र दोन दिवसांपूर्वी उसने घेतलेले होते.

दुसरी गोष्ट, वेळापत्रकाची. टेक्ससच्या बहुतेक शाळांत खेळाचा सराव शाळेच्या वेळातच एक तास म्हणून असतो, आणि शाळेच्या वेळेबाहेर आठवड्याला आठ तासांपेक्षा जास्त सराव घ्यायला मनाई आहे. आपल्याकडे सराव शाळा सुटल्यावर. शाळा सुटते चार-सव्वाचारला. सिरीकोंड्याकडं, बाजारहत्नूरकडं, महामार्गापासून आत तांड्यावर जाणारं वाहन पकडायचं तर थांबता येत नाही. पोरगी चांगली धावते हे साराला दिसतं, बापाला दिसतं, पण पाचचा ऑटो चुकला की अंधारात चार किलोमीटर चालायचं कोणी? कितीतरी मुलींचं धावणं या एका ऑटोपायी थांबलं. त्यांना कुणी मनाई केली नव्हती, घरीही कुणाचा विरोध नव्हता.

आता तुम्हाला कळेल की तेलंगणातले अलीकडचे काही मोठे खेळाडू वसतिगृहांतून का आले. वसतिगृहात पाचचा ऑटो नसतो. सकाळी साडेपाचला मैदान दाराशी, संध्याकाळचा सराव झाला की ताट समोर. १९७१ साली पी. व्ही. नरसिंह राव मुख्यमंत्री असताना नलगोंड्याकडच्या सर्वेल गावी पहिलं गुरुकुल सुरू झालं. त्यातून वाढत गेलेल्या समाजकल्याण आणि आदिवासी कल्याण गुरुकुलांचं जाळं आज राज्यभर आहे. २५ मे २०१४ रोजी एव्हरेस्टवर पोचलेली मालावत पूर्णा निझामाबाद जिल्ह्यातली, अशाच गुरुकुलाची विद्यार्थिनी. वय १३ वर्षं ११ महिने. लंबाडी घरातली मुलगी. ते नाव त्या वर्षी आपल्या भागातल्या तांड्यातांड्यांवर पोचलं होतं.

अगसरा नंदिनीही गुरुकुलाचीच. वडील चहा विकतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत तिनं हेप्टॅथलॉनमध्ये कांस्य जिंकलं. दोन दिवसांत सात प्रकार : १०० मीटर अडथळा, उंच उडी, गोळाफेक, २०० मीटर, लांब उडी, भालाफेक आणि शेवटी ८०० मीटर. प्रत्येक प्रकाराचे गुण ठरलेल्या सूत्रानं काढतात आणि बेरीज करतात. नंदिनीचे गुण झाले ५७१२. चौथ्या आलेल्या खेळाडूचे ५७०८. फरक चार गुणांचा. ८०० मीटरच्या शर्यतीत चार गुण म्हणजे किती? सूत्र मांडून पाहिलं तर पाव सेकंदाच्या जरासं वर. दोन दिवस, सात प्रकार, आणि पदक पाव सेकंदावर. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, घड्याळाला दिसतो.

तिसरी गोष्ट इथं येते, आणि हा सगळा लेख मी तिच्यासाठी लिहितो आहे.

टेक्ससमध्ये गावातल्या साध्या शर्यतीतसुद्धा प्रत्येक धावणाऱ्याची वेळ लिहिली जाते आणि ती जपली जाते. कॉलेजचा प्रशिक्षक सातशे मैलांवर बसून ती यादी पाहतो. मुलाला त्यानं कधी पाहिलेलं नसतं, पण आकडा पाहिलेला असतो. आकडा प्रवास करतो. ‘पहिला नंबर’ प्रवास करत नाही, कारण कुणात पहिला हे दूरच्या माणसाला कळत नाही.

मी नववीत असताना एका मंडल स्पर्धेत ४०० मीटरला पहिला आलो होतो. कागदावर नावापुढं ‘फर्स्ट’ लिहिलं. वेळ लिहिली नाही. पुढं जिल्ह्याला गेलो, सहावा आलो. तिथंही माझी वेळ कुणी घेतली नाही, घड्याळं पहिल्या तिघांपुरती होती. मी किती सेकंदांत धावलो होतो हे मला आज पन्नाशीतही सांगता येत नाही. त्या दिवशी जिल्ह्याला पाचवा जो होता, त्याला आणि मला त्याच वेळी कुणी सांगितलं असतं की तुम्ही राज्यापासून दोन सेकंद लांब आहात, तर कदाचित काही झालं नसतं. पण दोन सेकंद ही कमी करता येण्यासारखी गोष्ट आहे. ‘सहावा’ या शब्दाचं काय करायचं ते कळत नाही.

आपल्याकडची शिडी तुम्हाला ठाऊक आहे. शालेय क्रीडा महासंघ, ज्याला सगळे एसजीएफ म्हणतात, १९५४ सालचा. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट. मंडल, मग जिल्हा, मग राज्य, मग राष्ट्रीय. २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तरी खेळाच्या निवडीची गोष्ट निघाली की अजून ‘उम्मडी जिल्हा’ हाच शब्द तोंडी येतो, म्हणजे आदिलाबाद, निर्मल, मंचेरियाल, आसिफाबाद मिळून जुना अख्खा जिल्हा. सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी २ टक्के जागा आहेत, पण तिथं मंडलाचं किंवा जिल्ह्याचं प्रमाणपत्र चालत नाही. शालेय खेळांतून जायचं तर राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत पोचावं लागतं. शिडीच्या वरच्या पायऱ्यांवर इलेक्ट्रॉनिक घड्याळं आहेत, निवड समित्या आहेत, प्रशिक्षक आहेत. सगळ्यात खालच्या पायरीवर, जिथं सगळ्यात जास्त मुलं धावतात, तिथं एक शिट्टी आहे आणि एक कागद.

आता दीप्ती जीवनजीची गोष्ट. वारंगळ जिल्ह्यातलं कल्लेडा गाव, पर्वतगिरी मंडल. आईवडील शेतमजुरी करणारे. मुलीला बौद्धिक अपंगत्व, त्यावरून गावात टोचून बोलणारे पुष्कळ. शाळेच्या मैदानावर ती धावताना तिच्या पीईटीनं पाहिली. पुढं शालेय स्पर्धेत प्रशिक्षक नागपुरी रमेश यांची नजर तिच्यावर पडली, त्यांनी तिला हैदराबादला पाठवा म्हणून सांगितलं, तेव्हा आईवडिलांपाशी बसच्या तिकिटाचे पैसे नव्हते. ती गेली. मे २०२४ मध्ये जपानमधल्या कोबे इथं जागतिक पॅरा अॅथलेटिक्समध्ये ४०० मीटर ५५.०७ सेकंदांत धावून तिनं सुवर्ण आणि तिच्या गटातला जागतिक विक्रम केला. सप्टेंबरमध्ये पॅरिसच्या पॅरालिंपिकमध्ये कांस्य, वेळ ५५.८२. सुवर्णाची वेळ ५५.१६ होती, रौप्याची ५५.२३. तिचा विक्रम पॅरिसमध्येच प्राथमिक फेरीत ५४.९६ च्या धावेनं मोडला. तिघींच्या पावलांतलं अंतर बघा : पहिली आणि तिसरी यांच्यात पाऊण सेकंदसुद्धा नाही.

रमेश हेच नंदिनीचेही प्रशिक्षक. एकाच माणसाच्या नजरेला दोन मुली दिसल्या, हे त्यांचं मोठेपण. पण असा विचार मनात येतोच, की त्या शर्यतीच्या दिवशी ते दुसऱ्या गावी असते तर? आपल्या मुलांचं नशीब एका थोर माणसाच्या प्रवासाच्या वेळापत्रकावर अवलंबून असू नये. त्या दिवशी मैदानावर नसलेल्या माणसालाही मुलगी दिसायला हवी. त्यासाठी तिची वेळ लिहिलेली हवी.

फुटबॉलचं काय, असं कुणी विचारेल. तिथं घड्याळ चालत नाही, नजरच लागते. आणि नजर शिक्षकाचीच असते याचा पुरावा आपल्याच जुन्या राज्यात आहे. सय्यद अब्दुल रहीम हे हैदराबादचे शाळामास्तर. शारीरिक शिक्षणाची पदविका घेतली आणि शाळाशाळांतून शिकवलं. १९५० पासून हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघानं मुंबईत ओळीनं पाच वेळा रोव्हर्स चषक जिंकला, तो त्यांच्या हाताखाली. तेव्हा आदिलाबाद, किनवट, राजुरा, सगळा मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, म्हणजे तो संघ आपल्याही राज्याचा होता. रहीमसाहेबांनी भारताला १९५१ आणि १९६२ ची आशियाई सुवर्णं दिली. १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारत उपांत्य फेरीत गेला आणि चौथा आला. ऑस्ट्रेलियाविरुद्धचे तीन गोल मुंबईकर नेव्हिल डिसोझाचे. रहीमसाहेब पोरांसाठी असे सामने भरवायचे की फक्त कमजोर पायानं चेंडू मारायचा, किंवा चेंडू पायाशी खेळवत न्यायचाच नाही, लगेच पुढं द्यायचा. हे शिकवायला मैदान आणि एक चेंडू पुरतो. जकार्ताच्या सुवर्णानंतर वर्षही झालं नाही, ११ जून १९६३ ला ते गेले.

आज त्या वाटेवर निझामाबाद जिल्ह्यातल्या तांड्यावरची गुगुलोत सौम्या आहे. भारतीय महिला संघात खेळली, २०२२ मध्ये क्रोएशियाच्या दिनामो झाग्रेबकडं गेली, आणि २०२५ मध्ये अखिल भारतीय फुटबॉल महासंघाची वर्षातली सर्वोत्तम महिला फुटबॉलपटू ठरली. निझामाबाद म्हणजे निर्मल ओलांडलं की आलंच. आपल्या मुलींना तिचं नाव माहीत असायला हवं.

कॉलेजबद्दल थोडक्यात लिहितो, कारण लिहावं असं थोडंच आहे. दहावीचं वर्ष आलं की मैदान सुटतं. टेक्ससमध्ये १९८४ साली कायदा झाला : विषयात नापास झालास तर काही आठवडे खेळायचं नाही. सुरुवातीला सहा आठवडे होते, पुढं तीन झाले. त्या कायद्यावर तिथं फार भांडणं झाली, पण त्याचा एक परिणाम असा, की खेळण्यासाठी मुलं अभ्यास करतात. आपल्याकडं उलटं आहे, अभ्यासासाठी खेळ बंद. इंटरची दोन वर्षं बहुतेकांना मैदानच नसतं. डिग्रीला गेल्यावर आपली कॉलेजं वारंगळच्या काकतीय विद्यापीठाला जोडलेली. निवड चाचणीला जायचं म्हणजे आख्खा दिवस प्रवासात मोडतो. पंधराव्या वर्षी थांबलेले पाय अठराव्या वर्षी पुन्हा चालू होतात असं क्वचितच घडतं.

म्हणून जे करायचं ते लवकर. तेलंगणात हकीमपेटची क्रीडाशाळा १९९३ पासून आहे, आणि करीमनगर व आपल्या आदिलाबादला प्रादेशिक क्रीडाशाळा आहेत. तिथं प्रवेश चौथीत मिळतो, म्हणजे मूल आठ-नऊ वर्षांचं असतानाच. निवड मंडलापासून सुरू होते. उंची आणि वजन मोजतात. मग ३० मीटर धावणं, उभ्यानं लांब उडी, उभी उडी, मेडिसिन बॉल फेकणं, १० मीटरच्या सहा फेऱ्यांची शटल, अंगाची लवचिकता आणि ८०० मीटर. या चाचण्या इथं मुद्दाम लिहिल्या, कारण दरवर्षी जाहिरात येऊन जाते आणि आपल्या घरांत ती तारीख निघून गेल्यावर कळते. यात कुठलाच खेळ येण्याची अट नाही. महिनाभर रोज संध्याकाळी अंगणात उड्या मारायला लावल्या तरी मूल तयारीनं जातं. तिसरीत मूल असलेल्या प्रत्येक घरानं शाळेत जाऊन यंदाची तारीख विचारावी.

आता वेळ कशी घ्यायची ते सांगतो, कारण चुकीची घेतलेली वेळ न घेतलेल्या वेळेहून वाईट.

घड्याळ धरणाऱ्यानं अंतिम रेषेच्या बाजूला, रेषेच्या सरळ समोर उभं राहायचं. १०० मीटरच्या शर्यतीत शिट्टी ऐकून घड्याळ चालू केलं तर चूक होते : आवाजाला १०० मीटर यायला सुमारे ०.३ सेकंद लागतो, म्हणजे घड्याळ तेवढं उशिरा चालू होतं आणि वेळ कमी येते. सुरुवात करणाऱ्यानं शिट्टीबरोबर हातातला रुमाल किंवा झेंडा झटक्यानं खाली आणायचा आणि घड्याळवाल्यानं तो पाहून बटण दाबायचं. मुलाची छाती रेषेवर आली की थांबवायचं, पाय किंवा डोकं पाहायचं नाही. एका मुलामागं दोन घड्याळं असली तर उत्तम, आणि दोनांत फरक पडला तर जास्त वेळ धरायची. हाताच्या घड्याळाची वेळ इलेक्ट्रॉनिकपेक्षा थोडी कमी येते, १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद आणि ४०० ला ०.१४ मिळवायची पद्धत आहे. म्हणून नोंदीत ‘हाताचं घड्याळ’ असं लिहायचं. ट्रॅक २०० मीटरचा होता तर तेही लिहायचं. सुरुवातीला सांगितलेली चार वळणं इथं कामाला येतात : वाचणाऱ्या प्रशिक्षकाला कळतं की या मुलीच्या वेळेत अजून काही दशांश लपलेले आहेत.

एक गोष्ट पालकांसाठी. गोलाकार ट्रॅकवर बाहेरच्या लेनमधलं मूल पुढं उभं केलेलं दिसलं की बाजूला उभी असलेली माणसं ओरडतात, ‘त्याला पुढं का दिलं?’ मागच्या वर्षीही ओरडले, तावातावानं. लेन १.२२ मीटर रुंद असते. बाहेरच्या लेनचं वर्तुळ मोठं, एका फेरीत दर लेनमागं सुमारे साडेसात मीटर जास्त पळावं लागतं. तेवढंच पुढं उभं करतात. सार कुणाचा पक्षपात करत नाहीत. त्यांनी ते अंतर आदल्या संध्याकाळी टेपनं मोजून फक्कीनं आखलेलं असतं.

साराला एकट्याला हे जमणार नाही. त्या दिवशी ते शर्यती सोडतात, भांडणं सोडवतात, पडलेल्या मुलाच्या गुडघ्याला पट्टी बांधतात, जेवणाचं बघतात. त्यांच्याकडं तिसरा हात नाही. पण मैदानाभोवती शे-दीडशे माणसं उभी असतात आणि प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, प्रत्येक फोनात स्टॉपवॉच असतं, सेकंदाचे शंभर भाग मोजणारं. लहानपणी आमच्या साराला हे घड्याळ विकत घेणं परवडलं नव्हतं. आज ते सगळ्यांकडं आहे आणि स्पर्धेच्या दिवशी आपण त्यानं व्हिडिओ काढतो.

आठ माणसं पुरेत, आठ लेनना आठ. नवव्यानं वहीत लिहायचं : मुलाचं नाव, जन्मवर्ष, शाळा, प्रकार, वेळ, ट्रॅक किती मीटरचा, जमीन कोरडी की ओली, तारीख. शेवटच्या येणाऱ्या मुलाचीही वेळ लिहायची, कारण पुढच्या वर्षी ती किती उतरली हे त्यालाच कळायला हवं. वहीची एक प्रत शाळेत ठेवायची, एक गावात. तीन वर्षांनी कुणी विचारलं की इचोडा मंडलातली सगळ्यात वेगवान चौदा वर्षांखालची मुलगी कोण, तर आपल्यापाशी उत्तर असेल, आणि ते आकड्यात असेल.

मी सारांशी बोललो आहे, त्यांची हरकत नाही. यंदा मंडल स्पर्धेच्या सकाळी आठला मैदानावर या. फोन पूर्ण चार्ज करून आणा. वही आणि पेन मी घेऊन येतो.